स्विफ्टमधला ‘इंट?’ ऑब्जेक्टिव्ह-सीला दिसतच नाही

प्रश्न:
आईच्या साखरेच्या नोंदींसाठी केलेलं एक आयफोन ॲप मी सांभाळते. स्क्रीन जुन्या, ऑब्जेक्टिव्ह-सी या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतल्या. नोंदीचा क्लास (कोडमधला साचा) गेल्या महिन्यात स्विफ्ट या नव्या भाषेत आणला आणि उपाशीपोटीची साखर ‘इंट?’, म्हणजे पूर्णांक किंवा काहीच नाही, अशी ठेवली. आई एखाद्या सकाळी मोजत नाही, आणि न मोजलेली साखर म्हणजे शून्य साखर नव्हे. क्लासवर @ऑब्जसीमेंबर्स, म्हणजे आतल्या प्रॉपर्टी ऑब्जेक्टिव्ह-सीला दाखवणारी खूण, आहे. ‘स्ट्रिंग?’ (मजकूर किंवा काहीच नाही) असलेला शेरा जुन्या स्क्रीनला दिसतो, साखर मात्र गायब. तिच्यावर वेगळं @ऑब्जसी (तशीच खूण, एकाच प्रॉपर्टीसाठी) लावलं, तर कोड यंत्रभाषेत नेणारा कंपायलर म्हणतो की हा टाइप ऑब्जेक्टिव्ह-सीत मांडताच येत नाही. प्रश्नचिन्ह काढून शून्य भरायला हात धजत नाही. काय करू?

उत्तर १:
शून्य भरू नका. शेरा ऑब्जेक्ट आहे, त्याचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ‘निल’, म्हणजे रिकामा, असू शकतो. ऑब्जेक्टिव्ह-सीतला पूर्णांक, एनएसइंटिजर, हा नुसता ६४ बिटांचा आकडा, त्यातला प्रत्येक बिट-नमुना कुठली तरी संख्याच असते. ‘काही नाही’ला जागाच उरत नाही. म्हणून आकडा ऑब्जेक्टमध्ये गुंडाळायचा. मूळ ‘इंट?’ तसाच ठेवा, शेजारी ‘एनएसनंबर?’ (आकडा गुंडाळलेला ऑब्जेक्ट किंवा ‘निल’) देणारी एक कम्प्यूटेड, म्हणजे मागितल्यावर मोजून दिली जाणारी, प्रॉपर्टी लिहा आणि @ऑब्जसी फक्त तिलाच लावा. @ऑब्जसीमेंबर्समुळे न जमणारी प्रॉपर्टी गुपचूप वगळली जाते, म्हणून आधी एररही आली नाही.

उत्तर २:
वरचं बरोबर, पण खरा धोका पलीकडे आहे. ऑब्जेक्टिव्ह-सीत ‘निल’ला इंटिजरव्हॅल्यू (आतला आकडा) विचारलं की ॲप कोसळत नाही, निमूट ० मिळतो. आधी ‘निल’ तपासा, मगच आकडा काढा. दोन एनएसनंबर == ने ताडू नका, त्यात पॉइंटर ताडले जातात; आतले आकडे ताडणारं इझइक्वलटूनंबर वापरा. कोऱ्या दिवसासाठी कुणी एनएसनॉटफाउंड (‘सापडलं नाही’ सांगणारा ठरलेला आकडा) सुचवेल. तो एनएसइंटिजरमधला सगळ्यात मोठा आकडा आहे, बेरजेत गेला तर सगळा हिशोब बिघडेल.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. प्रॉपर्टी लिहिली, साखर दिसू लागली, आणि दुसऱ्या उत्तरातला शून्य लगेच सापडला. ११०, १३०, १२० आणि एक दिवस कोरा: सरासरी १२० हवी, स्क्रीनवर ९०! हा आकडा आई डॉक्टरांना दाखवते. आता कोरा दिवस बेरजेतही धरत नाही आणि भागाकारातही नाही, यादीत तिथे ‘मोजली नाही’ असं लिहिलेलं येतं.