जुन्या, वापरलेल्या वस्तू आणि कपडे: तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात डोंबिवलीच्या एका काकांकडून सागवानी कपाट घेतलं, साडेचार हजारात. काका-काकू मुलीकडे राहायला चालले होते, तिकडे ते मावत नव्हतं. खणात अजून पेपर अंथरलेला, डांबरगोळ्यांचा वास, बिजागऱ्या पितळी, आणि दार एका बोटाने ढकललं तरी नीट बसतं. आमचं आधीचं नवंकोरं, भुशाच्या बोर्डाचं कपाट दुसऱ्याच पावसाळ्यात खालून फुगलं होतं, त्यामुळे हे बघून जीव हरखला. पण टेम्पो, हमाल आणि बिनालिफ्टचा तिसरा मजला यात वर अडीच हजार गेले, ते मी धरलेच नव्हते. तरी परवडलं. घेताना कपाट पुढे ओढून पाठ बघा, बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड लागलीय, सोडून द्या. तुम्ही काय घेतलंत, कुठे फसलात, काय जुनं कधीच घेत नाही?

*

मी साड्यांचं लिहिते. ऑनलाइन एकीकडून जुनी पैठणी घेतली, रंग असा की आता तसा मिळतच नाही, जरतार खरी. पहिल्यांदा नेसून लग्नाला गेले आणि पंगतीत बसताना गुडघ्यावर टर्रकन आवाज. घरी येऊन खिडकीच्या उजेडासमोर धरली तर प्रत्येक घडीच्या रेघेवर रेशीम विरलेलं, आरपार दिसत होतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिलेली असणार. फोटोत हे कळत नाही हो. आता मी विकणाऱ्या बाईंना आधीच सांगते की साडी पूर्ण उलगडून उजेडासमोर धरून व्हिडिओ पाठवा, नाही म्हणाल्या तर घेत नाही. त्या पैठणीचे काठ आणि पदर मात्र धड होते, त्यातून बहिणीच्या बाळाला कुंची शिवली. एवढी सुंदर कुंची विकत मिळाली नसती.

*

कुंचीवरून आठवलं, आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवीन कपडे घालतच नाहीत. माझ्या लेकीने घातलेली झबली तिच्याआधी चार भावंडांनी वापरलेली, धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की गालाला लावून बसावंसं वाटायचं, आणि दुपटी आजीच्या नऊवारीची. ‘दुसऱ्याचं कशाला’ म्हणणारे भेटतात, मला त्याचं वाईट वाटतं. फक्त गाडीतली बाळाची सीट मी जुनी घेतली नाही, ती आधी अपघातातून गेलीय का हे वरून कळत नाही. हेल्मेटचंही तेच.

*

मला गाडीने पोळलंय. ओळखीच्या ओळखीतून स्कूटर घेतली, कंडिशन मस्त, मेकॅनिकनेही पास केली, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, बँकेच्या कर्जाचा बोजा होता तो मी बघितलाच नाही. मालकाने कर्ज फेडलं होतं, बँकेचा कागद मात्र कधी आणलाच नव्हता, आणि पैसे मिळाल्यावर तो फोन उचलेना. पाच महिने गाडी नावावर झाली नाही, वर त्याची जुनी चलानं मीच भरली. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, हे सगळं हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

*

मोबाइलसाठी: *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख नंबर, काढा, इंग्रजीत KYM लिहून स्पेस देऊन तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. विकणाऱ्यासमोरच करा.

*

न्यू जर्सीहून. इथे लोक घर सोडताना गाद्या, सोफे रस्त्याकडेला ठेवून जातात. विद्यार्थी असताना अशी एक गादी उचलून आणली आणि पंधरा दिवसांत अख्ख्या घरात ढेकूण, चौघांची झोप गेली, औषध मारायला लागलेले पैसे गादीच्या कितीतरी पट. तेव्हापासून गादी नाही म्हणजे नाही. टेबलखुर्ची घेते पण सांध्यांत टॉर्च मारून, आणि थ्रिफ्ट स्टोअरचे (वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातले) कपडे घरात शिरायच्या आधी अर्धा तास ड्रायरच्या कडक उष्णतेत.

*

पुण्यात जुन्या बाजारातून पायाचं शिलाई मशीन घ्यायचा विचार आहे. काय बघू?

*

घरून जाड कापडाचा तुकडा न्या, दुहेरी करून शिवून बघा आणि टाका उलट्या बाजूनेही तपासा. बुधवारी किंवा रविवारी जा, सकाळी लवकर.