'ह्यो' आणि 'ह्योदो' : मराठी पर्याय कोणता?

शंका : कोरियन भाषेतील 'ह्यो' या शब्दासाठी 'मातृपितृभक्ती' हा पर्याय चालेल का? लेखाचा विषय आजची नोकरदार पिढी हा आहे.

उत्तर : 'ह्यो' हे कन्फ्यूशियन, म्हणजे चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसच्या शिकवणीच्या, परंपरेतील मूल्य आहे आणि त्याच्या चिनी चिन्हात वर वृद्ध व खाली मूल असते. त्या मूल्यापुरते 'मातृपितृभक्ती' चालेल. मात्र रोजच्या बोलण्यात 'ह्योदो' करायचा असतो, म्हणजे दरमहा पैसे पाठवायचे, दवाखान्यात सोबत जायचे, ८ मे या पालकदिनी कार्नेशनची फुले द्यायची, 'ह्योदो-सहली'ला पाठवायचे. 'तिने सासूचे शेवटपर्यंत केले' या वाक्यातले 'करणे' मला त्याच्या सर्वांत जवळचे वाटते. भक्तीत हा खर्च आणि ही दगदग दिसत नाही.

हे करायचे कोणी, हा खरा वाद आहे. सासूसासऱ्यांची सेवा सुनेनेच करावी, अशी जुनी अपेक्षा होती. नवरा स्वतःचे कर्तव्य बायकोकडून करवून घेतो, त्याला आता 'देरी ह्योदो', म्हणजे परस्पर करवलेला ह्योदो, म्हणतात, आणि ज्याने त्याने आपल्या आईवडिलांचे करावे या आग्रहाला 'सेल्फ ह्योदो'. या शब्दांत सुनांचा किती वर्षांचा शीण साठला आहे, हे अनुवादकाने विसरू नये.

'ह्योदो-करार' हा शब्दही लेखात येऊ शकेल. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावावर करून देताना हा करार लिहून घेतात. अट न पाळणाऱ्या मुलाने घर परत करावे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. तरीही याचा अर्थ प्रेम आटले, असा मी लावणार नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना उशिरा, १९८८ मध्ये, सुरू झाल्याने मुलांच्या शिक्षणावर सारे खर्चून बसलेल्या अनेक वृद्धांच्या हाती फारसे काही राहिले नाही, आणि महाग घरे व स्वतःच्या मुलांच्या शिकवण्या यांत अडकलेल्या मुलांना मनात असूनही पुरे पडता येत नाही.

पूरक प्रश्न : मग 'पांग फेडणे' कसे वाटते?

उत्तर : आईवडिलांच्या कष्टांची परतफेड सांगायची असेल तेथे ते उत्तम आहे, पण त्यात ऋण फिटल्याचा भाव येतो. आपण 'पुल्ह्योजा', म्हणजे कर्तव्यात उणे पडलेले मूल, आहोत असे कोरियन माणूस पुष्कळ करूनही म्हणतो. तेथे 'पांग फिटले नाहीत' असे नकारार्थी रूपच शोभेल. 'सेल्फ ह्योदो' मात्र तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात 'आपल्या आईवडिलांचे आपणच करणे' असा खुलासा द्यावा.