मदत हवी आहे: सरासरी एफपीएस चांगला, तरी गेम अडखळतो. प्रोसेसर बदलू की रॅम?

नमस्कार मंडळी,

माझा पीसी: प्रोसेसर रायझन ५ ३६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, डीडीआर४-३२०० रॅमची १६ जीबीची एकच स्टिक, गेम एसएसडीवर, मॉनिटर १०८०पी.

मोकळ्या रानात गेम मस्त पळतो. गजबजलेल्या शहरात शिरून कॅमेरा वळवला, की चित्र क्षणभर अडकतं आणि उडी मारून पुढे जातं. तेव्हाही सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ८० च्या आसपास असतो, 'वन परसेंट लो' (सर्वात संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस) मात्र तिशीत येतो. नेमका त्याच वेळी ग्राफिक्स कार्डाचा वापर ६० टक्क्यांवर घसरतो आणि प्रोसेसरचा जेमतेम ४५ टक्के असतो. दोघंही निवांत, मग अडतंय कुठे? रिझोल्यूशन ७२०पी करून पाहिलं, शहरात काहीच फरक नाही.

मदरबोर्डावर प्रोसेसरचं सॉकेट एएम४ आहे, म्हणून त्यात बसणारा रायझन ७ ५८००एक्स३डी घ्यायचं मनात आहे. खर्च मोठा आहे. दिवसभराच्या कामानंतर खेळायला तासभर मिळतो, तोही असा अडखळत गेला की फार वाईट वाटतं. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

७२०पीवरही फरक पडला नाही, यातच निम्मं उत्तर आहे. रिझोल्यूशन उतरवलं की कार्डाचा भार हलका होतो, प्रोसेसरचा जवळपास तेवढाच राहतो. गर्दीतलं कोण कुठे चाललंय, कोण कशाला धडकलं, कार्डाने काय काय काढायचं, हे सगळं तोच ठरवतो. त्याला उशीर झाला की कार्ड वाट बघत बसतं.

४५ टक्के ही १२ थ्रेडची (प्रोसेसर एकाच वेळी चालवू शकतो त्या कामाच्या धाग्यांची) सरासरी आहे. बऱ्याच गेममध्ये एका मुख्य थ्रेडवरच सगळं अडतं आणि विंडोज तो थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत असतं, त्यामुळे एखादा कोअर १०० टक्के दिसेलच असं नाही. सरासरी एफपीएसही तसाच फसवा. ६० एफपीएसला एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. मधेच एखादी ५० मिलिसेकंदांची आली तर डोळ्याला झटका बसतो, सरासरी फारशी हलत नाही.

मला आधी रॅमची शंका येते. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधली वाट) आणि फ्रिक्वेन्सी किती दिसते?

धागाकर्ता

चॅनल सिंगल, फ्रिक्वेन्सी १०६६ च्या आसपास.

प्रतिसाद

मग रॅम २१३३ वर चाललीय. तिथे निम्मा आकडा दिसतो, ३२०० ला १६०० दिसायला हवा. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. रायझनमध्ये रॅमच्या वेगाबरोबर चिपच्या आतली जोडणीही (इन्फिनिटी फॅब्रिक) संथ होते, म्हणून हा फटका जास्त जाणवतो.

मग दुसरी स्टिक घ्या, म्हणजे दुसरा चॅनलही वापरात येईल. ३२०० ला एका चॅनलमधून सेकंदाला कमाल २५.६ जीबी जातात, दोन चॅनलमधून ५१.२. सध्या तुम्हाला जेमतेम १७ मिळतायत. स्लॉट चार असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, तरी बोर्डाची पुस्तिका बघाच.

५८००एक्स३डी उत्तमच आहे. त्याचा एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ९६ एमबी, तुमच्याकडे ३२, तोही १६-१६ असा विभागलेला. कॅश मोठा असला की रॅमकडे धावाधाव कमी होते. पण तो घेतलात तर जुन्या प्रोसेसरवरच बायोस अपडेट करून घ्या, आणि त्याच्यासोबत कूलर येत नाही हेही धरून चाला. माझ्या मते आधी रॅम.

धागाकर्ता

मनापासून आभार! एक्सएमपी चालू केलं, आता १६०० दिसतंय. शहरातला वन परसेंट लो चाळिशीच्या वर आलाय, कॅमेरा वळवताना कळतं. दुसरी स्टिक घेतोय, पण माझी सीएल१६ (सीएल म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणारा वेळ) आहे आणि मिळतेय ती सीएल१८. चालेल?

प्रतिसाद

बहुतेक वेळा चालते, दोन्ही सीएल१८ वर धावतील. ३२०० ला सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल१८ म्हणजे ११.२५. दुसऱ्या चॅनलचा फायदा त्याहून मोठा. तरी परत करायची सोय ठेवून घ्या आणि लावल्यावर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) एकदा पूर्ण चालवा.