मदत हवी आहे: ब्लेंडरमध्ये उसळणारा चेंडू फुग्यासारखा तरंगतोय

कोरी_फ्रेम
नमस्कार मंडळी. ब्लेंडरमध्ये (त्रिमितीय अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) पहिलाच सराव करतोय. फुटबॉलएवढा चेंडू (व्यास २२ सेंमी) डावीकडून येतो, टप्पे खात उजवीकडे जातो, एवढंच. सेकंदाला २४ फ्रेम्स. फ्रेम १ वर चेंडू सव्वा मीटर उंच, १३ वर जमिनीला, २५ वर १ मीटर, ३७ वर जमिनीला, ४९ वर ८० सेंमी, ६१ वर जमिनीला, असं पुढे. प्रत्येक ठिकाणी लोकेशनच्या तिन्ही अक्षांवर कीफ्रेम (त्या फ्रेमला वस्तू कुठे हवी याची नोंद) टाकली आहे. टप्प्याच्या फ्रेमवर चेंडू चपटा केलाय: स्केल झेड (उंची) ०.७५, एक्स (डावी-उजवी) आणि वाय (खोली) १.३३.

अडचणी अशा: चेंडू जमिनीवर आपटत नाही, अलगद टेकतो. पुढचे टप्पे स्लो मोशनसारखे वाटतात. मधेच आडवा वेगही अडखळतो. आणि चपटा होताना तो जमीन सोडून वर उचलला जातो, शिवाय त्या फ्रेमला भलताच मोठा दिसतो. नेमकं कुठे चुकतंय?

आलेखवाली
आधी एक खात्री करून घ्या. प्लेबॅक करताना व्ह्यूपोर्टच्या (दृश्य दिसतं त्या खिडकीच्या) कोपऱ्यात फ्रेम रेटचा आकडा लाल दिसतोय का? दिसत असेल तर तुमचं मशीन २४ गाठत नाहीये आणि तुम्ही चुकीच्या वेगाने बघून निर्णय घेताय. टाइमलाइनच्या प्लेबॅक मेन्यूत सिंकला 'फ्रेम ड्रॉपिंग' निवडा.

आता मूळ दुखणं. पहिली घसरण बरोबर आहे: १२ फ्रेम्स म्हणजे अर्धा सेकंद, आणि अर्ध्या सेकंदात वस्तू साधारण १२२ सेंमीच पडते. पुढे मात्र तुम्ही उंची कमी करत गेलात आणि वेळ तेवढाच ठेवलात. ८० सेंमी चढायलाही १२ फ्रेम्स, म्हणजे दर टप्प्याला गुरुत्वाकर्षण कमी होत चाललंय. स्लो मोशन वाटणारच. उंची आणि वेळ एकमेकांना बांधलेले असतात: उंची पाव झाली की वेळ निम्मा होतो.

चेंडू किती उसळतो हे त्याच्या जातीवर आहे. टेनिसच्या चेंडूचा नियम हाताशी ठेवायला सोपा: २५४ सेंमीवरून सोडला तर त्याने १३५ ते १४७ सेंमी उसळायला हवं, म्हणजे साधारण ५५ टक्के. तेच प्रमाण तुमच्या चेंडूला लावलं तर उंच्या १२२, ६७, ३७, २०, ११ सेंमी. एका बाजूची चढण अनुक्रमे ९, साडेसहा, ५, साडेतीन फ्रेम्स. म्हणजे टप्पे पडतील फ्रेम १३, ३१, ४४, ५४, ६१ वर. शिखरं २२, ३७-३८ च्या मधे, ४९, आणि ५७-५८ च्या मधे. अर्ध्या फ्रेमसाठी डोकं लावू नका, अलीकडे-पलीकडे कुठेही टाका, कळत नाही. उंच्या चेंडूच्या तळापासून मोजल्या आहेत. ओरिजिन (ज्या बिंदूवरून चेंडूची जागा मोजली जाते तो) मध्यात असेल तर झेडमध्ये ११ सेंमी मिळवा.

पेन्सिल_शिसपेन्सिल
आलेखवालींनी टायमिंग सांगितलं. 'अलगद टेकतो' ही तक्रार स्पेसिंगची आहे, आणि नवशिके नेमके इथेच अडकतात. टायमिंग म्हणजे किती फ्रेम्स लागल्या. स्पेसिंग म्हणजे त्या प्रत्येक फ्रेमला वस्तू किती सरकली. टायमिंग अगदी बरोबर असूनही चेंडू फुगा होऊ शकतो.

कागदावर करून बघा. १२२ सेंमीच्या घसरणीत दर दोन फ्रेम्सना चेंडू किती खाली येतो: ३.४, १०.२, १७, २३.८, ३०.६, ३७.४ सेंमी. हे १ : ३ : ५ : ७ : ९ : ११ असं प्रमाण आहे. ३६ समान भाग पाडले की काम झालं, कॅल्क्युलेटर लागत नाही. अर्धा वेळ संपला तरी चेंडू फक्त पाव अंतर आलेला असतो, हे लक्षात ठेवलं तरी पुरे. शिखराजवळ चित्रं दाटीवाटीने, जमिनीजवळ विरळ. तुमच्या फाइलमध्ये ब्लेंडरने कीफ्रेमच्या दोन्ही बाजूंना आपोआप गुळगुळीत कर्व्ह दिला असणार, त्यामुळे जमिनीजवळही चित्रं दाटली. मोशन पाथ (प्रत्येक फ्रेमची जागा ठिपक्यांनी दाखवणारी रेषा) चालू केलात तर ठिपके मोजून स्वतःच बघता येईल.

आलेखवाली
अगदी. ग्राफ एडिटरमध्ये (जिथे हालचालीचे कर्व्ह दिसतात) दुरुस्तीचे दोन रस्ते आहेत.

सोपा रस्ता: झेडच्या कीफ्रेम्स निवडून टी दाबा, इंटरपोलेशन (दोन कीफ्रेम्सच्या मधली चाल) 'क्वाड्रॅटिक' करा. मग कंट्रोल-ई. शिखराच्या कीफ्रेमला 'ईज इन' (सुरुवात हळू), जमिनीवरच्या कीफ्रेमला 'ईज आउट' (शेवट हळू). हे सेटिंग त्या कीफ्रेमपासून पुढच्या तुकड्याला लागतं, म्हणून शिखराचं सेटिंग घसरणीचं आणि जमिनीचं सेटिंग चढणीचं. क्वाड्रॅटिक म्हणजे नेमका पडणाऱ्या वस्तूचाच कर्व्ह.

हाताने हँडल (कर्व्हला वळण देणाऱ्या कीफ्रेमच्या दांड्या) ओढायचे असतील तर मापं अशी: शिखराचं हँडल आडवं, लांबी त्या बाजूच्या वेळेच्या एक तृतीयांश. जमिनीच्या हँडलचं टोक वेळेच्या एक तृतीयांशावर पण उंचीच्या दोन तृतीयांशावर. तुमच्या पहिल्या घसरणीत म्हणजे टप्प्याच्या ४ फ्रेम्स आधी, ८२ सेंमी उंचीवर. बरेच धडे इथे 'व्ही दाबून व्हेक्टर करा' एवढंच सांगून थांबतात. व्हेक्टर हँडल एक तृतीयांश उंचीवरच राहतं, त्यामुळे आपटण्याचा वेग खऱ्याच्या निम्मा मिळतो. टोक तयार होतं, धमक येत नाही. म्हणून व्हेक्टर केल्यावर 'फ्री' करून टोक दुप्पट उंचीला न्या.

आडव्या वेगाचं कारण वेगळं आहे. एक्सवर मधल्या कीफ्रेम्स नकोतच. हवेत आडवा वेग जवळपास तसाच राहतो. मधल्या सगळ्या उडवा, पहिली आणि शेवटची ठेवा, टी दाबून लिनिअर (एकसारखा वेग). वरच्या बाजूला चेंडू 'थबकल्याचा' भास झेडमुळे आपोआप होतो, त्यासाठी एक्स हळू करायचा नसतो. कॅमेऱ्याकडे-पाठीमागे हालचाल नसेल तर वायचा कर्व्ह पूर्ण पुसून टाका.

रिगाळू
चपटेपणाचं मी सांगतो.

झेड ०.७५ ला १.३३ हे गणित सपाट कागदावरचं आहे. त्रिमितीत एक्स आणि वाय दोन्ही वाढतात, म्हणून ०.७५ × १.३३ × १.३३ = १.३३. तुमचा चेंडू त्या फ्रेमला एक तृतीयांशाने फुगतोय. वर्गमूळ घ्यायचं: झेड ०.७५ ला एक्स-वाय १.१५५. ताणताना झेड १.१५ ला ०.९३३.

उचलला जातो कारण स्केल मध्यबिंदूभोवती होतं. ११ सेंमी त्रिज्येचा पाव भाग, म्हणजे तळ २.७५ सेंमी हवेत. ओरिजिन तळाला नेलात तर चेंडू फिरवताना तो तळाभोवती गरगरेल. म्हणून तीन थर करा: सर्वात वर एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी, नुसती पकडायला असलेली वस्तू), त्यावर फक्त लोकेशन. त्याच्या आत दुसरी एम्प्टी चेंडूच्या तळाशी, तिच्यावर फक्त स्केल. तिच्या आत चेंडू, त्याला फक्त रोटेशन. हा क्रम उलटा केला तर चपटेपणा चेंडूबरोबर फिरतो आणि अंडं दिसतं. उंच्यांच्या कीफ्रेम्स बाहेरच्या एम्प्टीवर, तीही तळाशीच ठेवा, मग ११ सेंमी मिळवायची भानगडच उरत नाही.

चपटेपणा टप्प्याच्या एकाच फ्रेमवर. १२ ताणलेला, १३ चपटा, १४ ताणलेला, आणि शिखरावर नेमका १.०. दुसऱ्या टप्प्याला ०.८५, तिसऱ्याला ०.९२, पुढे काही नको. शेवटी घरंगळताना परिघाचा हिशेब: ६९ सेंमीला एक फेरा. त्यापेक्षा कमी-जास्त फिरवलात की चेंडू घसरतो.

पेन्सिल_शिसपेन्सिल
ताणायची गरज तरी आहे का, हे एकदा तपासा. तुमचा चेंडू शेवटच्या फ्रेमला साधारण २० सेंमी सरकतो आणि व्यास २२ सेंमी आहे, म्हणजे लागोपाठची दोन चित्रं एकमेकांवर थोडी चढतात. डोळ्याला सलग वाटतं. सरकण्याचं अंतर व्यासापेक्षा जास्त झालं की ठकठक दिसतं, तेव्हा ताण हवा किंवा मोशन ब्लर (वेगामुळे येणारा धूसरपणा). माझ्या मते इथे १.०८ भरपूर झालं. नवशिक्यांचे चेंडू हटकून जेलीचे होतात.

कोरी_फ्रेम
सगळ्यांचे आभार, लगेच फरक पडला. क्वाड्रॅटिक आणि एक्सच्या कीफ्रेम्स उडवणं, एवढ्यानेच अर्धं काम झालं. पुढचा सराव चालण्याचा. फ्रेम १ पाऊल टेकलं, ४ खाली, ७ ला उचललेला पाय दुसऱ्याला पार होताना, १० वर, १३ दुसरं पाऊल. जागच्या जागी चालवलं तर ठीक, पुढे सरकवलं की पाय घसरतात. आणि शरीर सर्वात वर ७ ला हवं की १० ला?

आलेखवाली
घसरण्याचं कारण पुन्हा स्पेसिंगच. टेकलेला पाय जागच्या जागी चालताना सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने मागे जायला हवा. त्याच्या पुढे-मागेच्या कर्व्हमध्ये टेकलेल्या भागात लिनिअर करा. मग पावलाची लांबी ७० सेंमी असेल तर १२ फ्रेम्सना ७० सेंमी या वेगाने मूळ कंट्रोल (सगळं पात्र एकदम हलवणारा) लिनिअर सरकवा. दोन्ही वेग जुळले की पाय चिकटतो. पाय आयके (पाऊल ठेवलं की गुडघा आपोआप वाकतो अशी जोडणी) असू द्या.

रिगाळू
७ की १० यावर वाद होतो. प्रत्यक्षात माणसाचा तोल ताठ पायावरून जातो, म्हणून शरीर सर्वात उंच पाय पार होतानाच असतं. दोन्ही पावलं जमिनीवर असताना सर्वात खाली. अ‍ॅनिमेशनमध्ये १० ला वर नेतात कारण चवड्याच्या रेट्याने उसळी जाणवते. वास्तव हवं असेल तर ७ आणि १० जवळजवळ समान ठेवा, पात्रात जोश हवा असेल तर १० उंच करा. काहीही केलं तरी वर असताना गुडघा पूर्ण ताठ करू नका, जरासा वाक ठेवा. आयके साखळी पूर्ण ताणली गेली की पुढच्या फ्रेमला गुडघा टचकन उडतो.