बोलणं खणखणीत, तरी स्पीच थेरपी?

मिरजकरीण: ह्यांचं मेडिकल आहे. पावसात बाईक घसरली. हेल्मेट होतं, सीटी स्कॅनही नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, कन्कशन. दीड महिना होत आला, तरी काउंटरवर दोन गिऱ्हाइकं एकदम बोलली की ह्यांचा गोंधळ उडतो. गोळ्यांचं पाकीट हातात असतं, पण नाव तोंडात येत नाही. संध्याकाळी डोकं धरून बसतात. आता न्यूरोच्या डॉक्टरांनी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलंय. सासूबाई म्हणतात, "त्याची जीभ अडखळते का?" खरंच, तिथे करतात तरी काय?

ठाण्याची_थेरपिस्ट: सासूबाईंना सांगा, लक्ष, आठवण, शब्द सापडणं, कामाची आखणी हेही आमच्याच खात्यात येतं. कन्कशनमध्ये मेंदू कवटीत हिंदकळतो, पेशींचं काम विस्कटतं आणि ते सीटीत दिसत नाही. बरेच जण महिन्याभरात सावरतात, काहींना जास्त वेळ लागतो.

आधी तपासणी. गोष्ट ऐकून लगेच सांगा, थोड्या वेळाने पुन्हा सांगा. मिनिटभरात आठवतील तितके प्राणी. आकडे उलटे म्हणा. पुढे मी पेशंटचं कामच थेरपीत आणते. एक हार्डवेअरवाले होते. ऑर्डर मोठ्याने परत म्हणायची: "अर्धा इंची एल्बो चार, टेप दोन." दुसऱ्या गिऱ्हाइकाला "काका, एक मिनिट." फोन वाजला तर हातातलं काम आधी कागदावर टिपायचं, मगच उचलायचा. तुमच्याकडे तर औषधं आहेत, तेव्हा सध्या प्रत्येक पाकीट चिठ्ठीशी दुसऱ्या कुणीतरी ताडून बघायलाच हवं.

कोडीवाला: सुडोकूचं ॲप फुकट मिळतं की! फी कशाला?

ठाण्याची_थेरपिस्ट: सुडोकूने माणूस सुडोकूत तरबेज होतो, गल्ल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहणंही नको. विश्रांती पहिले एक-दोन दिवस, नंतर काम हळूहळू वाढवायचं, डोकं ठणकायच्या आधी थांबायचं. डोकेदुखी वाढतच गेली, उलट्या झाल्या किंवा गुंगी आली तर मात्र थेट कॅज्युअल्टी. थेरपिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी तेवढी विचारून घ्या.

मिरजकरीण: दुकानातल्या पोऱ्याला चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावलीय. हे वैतागले, "मला बालवाडीत बसवलंय का?" पण पाकीट दाखवतात त्याला. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. एजन्सीवाल्यांचे फोन तोवर मीच घेते.