लोह-नायट्रोजन-कार्बन उत्प्रेरकाला इतक्या प्रयोगशाळा कशासाठी लागतात?

प्रश्न
मी इंधन घटांवर, म्हणजे हायड्रोजन व ऑक्सिजनच्या अभिक्रियेतून वीज मिळवणाऱ्या घटांवर, एम.एस्सी.चा प्रकल्प करीत आहे. प्लॅटिनमऐवजी लोह, नायट्रोजन व कार्बन वापरून केलेल्या उत्प्रेरकांवरील शोधनिबंधांत बर्लिन, लंडन, माँपेलिए, बॉस्टन अशा दूरदूरच्या संस्था एकत्र दिसतात. उत्प्रेरकाची भुकटी तर एकाच भट्टीत तयार होते. मग इतक्या जणांची गरज नेमकी कुठे पडते?

उत्तर १
गरज मोजणीत पडते. प्लॅटिनमवर किती हायड्रोजन चिकटतो, यावरून त्याचे सक्रिय क्षेत्रफळ साध्या प्रयोगशाळेतही काढता येते. कार्बनमध्ये विखुरलेल्या एकेकट्या लोह-अणूंना मात्र ती पद्धत लागू पडत नाही. त्यामुळे विद्युतप्रवाह वाढला, तर सक्रिय केंद्रांची (जिथे अभिक्रिया घडते त्या जागांची) संख्या वाढली की प्रत्येक केंद्राचा वेग वाढला, हे ठरवता येत नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील गट केंद्रांवर नायट्राइट बसवून ती निकामी करतो, मग विद्युत-क्षपणाने (विजेद्वारे इलेक्ट्रॉन देऊन) तो थर उतरवतो आणि त्यासाठी लागलेल्या प्रभारावरून केंद्रे मोजतो. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास भुकटीने शोषलेला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. नायट्राइट द्रावण पोहोचते तेवढ्याच केंद्रांना गाठते, वायू त्याहून आत शिरू शकतो; म्हणून दोन्ही आकडे जुळतीलच असे नाही, आणि तो फरकच फार बोलका असतो. २०२० साली चार नावाजलेले उत्प्रेरक या दोन्ही पद्धतींनी शेजारीशेजारी तपासले गेले. माझ्या मते या विषयातील ते अत्यंत मोलाचे काम आहे.

उत्तर २
टिकाऊपणाचा प्रश्न याहून अवघड आहे. लोह कोणत्या अवस्थेत आहे हे गॅमा किरणांच्या शोषणावरून सांगणाऱ्या मोसबाउर वर्णपटात फक्त लोह-५७ हे समस्थानिक दिसते आणि नैसर्गिक लोहात ते जेमतेम २ टक्के असते, म्हणून लोह-५७ चे प्रमाण वाढवलेले लोह वापरून नमुना मुद्दाम बनवावा लागतो. बॉस्टनचे नॉर्थईस्टर्न विद्यापीठ, फ्रान्समधील माँपेलिए येथील गट आणि इतर सहकारी यांनी २०२१ साली दाखवले, की अशा उत्प्रेरकात दोन प्रकारची केंद्रे असतात. त्यांतील एका प्रकारचे चालत्या घटात लवकरच लोहाच्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते, तर दुसरा प्रकार ५० तासांनंतरही शाबूत राहतो.

प्रश्नकर्ती
म्हणजे माझा नमुनाही बाहेर पाठवावा का?

उत्तर १
जरूर पाठवा, पण सर्वांना एकाच घाण्यातील भुकटी द्या आणि थोडी स्वतःकडे राखून ठेवा. इलेक्ट्रोडवर दर चौरस सेंटिमीटरला किती भुकटी लावली, आम्ल कोणते व किती संहतीचे होते, तापमान किती होते, हे सोबत लिहून द्या. एवढी नोंद नसेल, तर दोन देशांतील आकड्यांची तुलनाच करता येत नाही. आपण पुण्याजवळ असाल, तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत इंधन घटांवर बरीच वर्षे काम चालू आहे. तिथे आधी विचारून पाहावे.