पाच वाजता आलेला मजूर

देवाचं राज्य म्हणजे मेल्यावरचा स्वर्ग, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच वाटतं. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत 'तुझे राज्य येवो' यापुढेच 'पृथ्वीवरही' आहे ना? बायबलमध्ये, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात, येशू देवाचं राज्य कसं असतं ते सांगायला द्राक्षमळ्याची गोष्ट सांगतो, ती बघा. दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेल्या मजुरालाही मालक पूर्ण दीनार देतो आणि सकाळपासून राबलेले कुरकुरतात. (मीही कुरकुरलो असतो.) पण दीनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी, त्याहून कमी नेऊन घर कसं चालायचं?

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी तापामुळे चार दिवस आल्या नाहीत, तेव्हा खाडे मोजायला मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं होतं. रविवारीच, चर्चमधून येऊन चप्पल काढल्या काढल्या.